कणसांखालची तार

वारिसोसच्या भाषेत ओठ मिटून म्हणावं लागेल असं अक्षरच नाही. प, ब, म यांच्यावाचून तिच्या मूळनिवासी मोहॉक लोकांचं आजवर काही अडलं नाही. मॉन्ट्रियलजवळच्या काहनावाके गावातले टवाळ म्हणतात, ही सोय खास वारिसोससाठी केलेली आहे, तिच्या तोंडाला मिटायला निमित्तच मिळू नये म्हणून. हे तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "मिटलेल्या तोंडाचं काय होतं ते मी माझ्या आईच्या घरी पाहिलंय."

आईचं घर नदीला अगदी लागून होतं. दारात उभं राहून गळ टाकावा इतकं. वारिसोस अकरा-बारा वर्षांची असताना मोठ्या जहाजांसाठी काठाने कालवा खणायचं वर कुठेतरी ठरलं आणि एक कोटवाला माणूस टोपी काढून स्वयंपाकघरात येऊन बसला. फार सभ्य होता. आईने त्याला चहा दिला, मक्याची भाकरी दिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि दारी आलेल्याशी वाकडं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तो बोलत होता तोवर ती हसून मान हलवत राहिली. पुढच्या वसंतात घर पाडलं. गावाच्या नावातच नदीचा खळाळ आहे, पण तेव्हापासून गावासमोर खळाळ नाही, सरळ रेषेतलं मुकं पाणी आहे आणि त्यावरून जाणारी दुसऱ्यांची जहाजं. आई मरेपर्यंत एकच गोष्ट उगाळत राहिली, की मी त्याला भाकरी वाढली. घर गेल्यापेक्षा तिला ती भाकरी जास्त सलायची.

पुढे वारिसोसने गावातल्या सगळ्या बायकांसारखाच संसार केला. नवरा अतोन्वा लोखंडकामावर होता, म्हणजे न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचे सांगाडे जोडणारा. सुरुवातीची वर्षं दोघं ब्रुकलिनला राहिली, मग ती मुलाला घेऊन गावी परतली आणि अतोन्वा दर शुक्रवारी रात्रभर गाडी हाणत घरी यायला लागला. एका शुक्रवारी तो आला नाही, चाळिसाव्या मजल्यावरून खाली गेला होता. त्यानंतर वारिसोसने मुलाला, सावातीसला, एकच गोष्ट बजावली: काहीही कर, पण जमिनीवर राहून कर.

घरामागचं शेत तिच्या आईचं, आईच्या आईचं. त्यात पांढरा मका. रविवारी सकाळी गावात प्रत्येक घरी मक्याची भाकरी आणि मांसाचा तुकडा लागतो; त्यातली निम्मी भाकरी वारिसोसच्या हातची. राखेच्या पाण्यात मका उकळायचा, साल चोळून काढायची, दळायचा, राजमा घालून जाड गोल गोळे करायचे आणि पाण्यात शिजवायचे. पहाटे भट्टी लावल्यासारखं काम. दिवस उजाडला की दारात गाड्यांची रांग लागते आणि प्रत्येकाला भाकरीबरोबर दोन टोमणे फुकट मिळतात. सन नव्वदच्या उन्हाळ्यात जमिनीच्या भांडणावरून सरकारची फौज पुलापाशी येऊन उभी राहिली होती तेव्हाही हिची भाकरी चुकली नाही. "सैनिक आले म्हणून रविवार यायचा थांबतो का?" असं म्हणाली होती.

दर हंगामात ती उभ्या पिकातून फिरून सर्वांत भरदार कणसांना लाल दोरा बांधते. ते बियाणं. त्याला कोणी हात लावायचा नाही.

आता एका इमारतीकडे वळायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. गावात कॅसिनो काढायचा का, यावर काही वर्षांपूर्वी मतदान झालं तेव्हा वारिसोस घरोघर फिरून "नाही म्हणा" सांगत होती. गावाने नाही म्हटलं. पण नंतर नव्याच तऱ्हेचा जुगार आला. त्याला टेबल नको, पत्ते नको, दारू नको. एक जुनी गोदामवजा इमारत, तिच्यात थंडगार खोल्या, खोल्यांत गुणगुणणारी संगणकांची काळी कपाटं. इंटरनेटवरून खेळणारा बसलेला असतो ग्लासगोला नाहीतर मनिलाला, कपाटं मात्र इथे. प्रांताचं सरकार म्हणतं, जुगार चालवायचा हक्क फक्त आमचा, हे बेकायदेशीर आहे. गावची परिषद म्हणते, ही जमीन आम्ही कोणाला दिलेली नाही, इथला परवाना आम्ही देऊ. दोघंही वर्तमानपत्रांत तावातावाने बोलतात आणि न्यायालयाची पायरी कोणीच चढत नाही, कारण निकाल उलटा लागला तर काय, ही धास्ती दोन्हीकडे सारखीच.

सावातीसला त्या इमारतीत नोकरी लागली. कपाटं थंड ठेवायची, तारा तपासायच्या. पगार बापाच्या तोडीचा आणि पाय जमिनीवर. वारिसोसला जुगाराचा तिटकारा आणि मुलगा रोज संध्याकाळी जेवायला घरी. ती कुठल्या तोंडाने बोलणार? तरी बोलायचीच.

"आज किती लोकांची घरं धुतलीत रे?"

"इस्ता, तू स्वतः दर मंगळवारी रेडिओवरचा बिंगो खेळतेस," सावातीस म्हणायचा. इस्ता म्हणजे आई. "समोर पाच-पाच पत्रिका पसरून बसतेस. मध्ये कोणी दार वाजवलं तर शिव्या घालतेस."

"बिंगोत मी कोणाकडून हरले ते मला ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन दोन कप चहा पिऊन वसूल करते. तुझ्या कपाटांच्या घरी कुठे जाऊन बसायचं?"

सप्टेंबरच्या शेवटी वारिसोस शेजारच्या गावी बहिणीकडे गेली होती. परत आली तर शेताच्या मधोमध चर. कडेने नाही, बांधाजवळून नाही, भांगासारखा सरळ मधून. जुन्या तारेवर कपाटं चालेनात म्हणून इमारतीला मॉन्ट्रियलहून नवी जाड तार हवी होती आणि सर्वांत जवळची वाट तिच्या मक्यातून जात होती. उपटलेली ताटं एका बाजूला रचलेली, मातीत माखलेली. त्यांतल्या बऱ्याच कणसांना लाल दोरा होता.

ती तशीच चिखलाच्या पायांनी इमारतीत गेली. तिथल्या मुख्याने, गावातल्याच माणसाने, तिला खुर्ची दिली आणि सांगितलं, "वारिसोसबाई, आम्ही परवानगी घेतलीय. तुमच्या सावातीसची सही आहे."

इथे एक सांगायला हवं. गावात शेत बायकांचं असतं. आईकडून लेकीकडे जातं, जसं कूळही आईचंच लागतं. हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण सरकारचा एक वेगळा कागद असतो, आणि सरकारी बाबूने तो पूर्वीच पुरुषांच्या नावाने केला, अतोन्वाच्या. तो गेल्यावर सावातीसच्या नावाने झाला. वारिसोस तेव्हा म्हणाली होती, असेना का, कागद त्यांचा आणि शेत माझं. गावात सगळ्यांचं असंच. त्या कागदाला कोणी कधी किंमत दिली नाही, त्यामुळे त्यावर कोणाचं नाव आहे हे बघायचीही कोणाला गरज वाटली नाही. कागदाला किंमत देणारी माणसं एक दिवस गावातच निपजतील, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सावातीस घरी आला तेव्हा ती चुलीपुढे पाठ करून उभी होती.

"मला वाटलं कडेने नेतील," तो म्हणाला. "मुख्य म्हणाला, कडेने. मी त्या आठवड्यात टोरांटोला होतो, इस्ता. बघायला नव्हतो."

"सही करताना होतास ना?"

"कागदावर माझं नाव होतं म्हणून त्यांनी मला विचारलं."

"आणि तुला खरंच वाटलं ते शेत तुझं आहे."

तिला शिव्या देणारी बाई म्हणून अख्खं गाव ओळखतं, पण त्या दिवशी तिने एक शिवी दिली नाही. त्याचं ताट वाढलं, स्वतः जेवली नाही, आणि छताला टांगलेल्या मक्याच्या वेण्यांकडे बघत बसली. मागल्या वर्षीच्या बियाण्याची एकच वेणी उरली होती.

शिव्या दुसऱ्या दिवशीपासून सुरू झाल्या, आणि त्या घरात मावणाऱ्या नव्हत्या. पेट्रोलपंपावर, टपाल कचेरीत, किराणा दुकानात ती जे भेटेल त्याला सांगत सुटली: माझ्या शेतात चोरी झालीय, घरच्या माणसांनी केलीय. पंपावर बाहेरचे लोकही पेट्रोल स्वस्त म्हणून येतात. त्यांना कान असतात.

आठवड्याभरात एक निळी गाडी तिच्या दारात थांबली. लुसियाँ बोद्री, प्रांताच्या न्यायखात्यातला वकील. नीटनेटका, पिकल्या मिशांचा, आणि आत येताना त्याने टोपी काढली.

"बोंजूर, मादाम," तो म्हणाला.

तिने मोहॉकमधून उत्तर दिलं आणि थांबली. त्याला कळलं नाही तेव्हा इंग्रजीत म्हणाली, "बसायला सांगितलं. बसा."

किटलीत पाणी उकळत होतं. परातीत भाकऱ्यांचे गोळे होते. तिने कशालाच हात लावला नाही. दारी आलेल्याला कोरड्या तोंडी बसवण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिली वेळ, आणि तिला ते जड गेलं.

बोद्री सरळ मुद्द्यावर आला. "तुमच्यावर अन्याय झालाय, मादाम. मी तुमच्या चालीरीती वाचल्यात. तुमच्याच रिवाजाप्रमाणे शेत बाईचं असतं. म्हणजे तुमच्या मुलाची सही फोल. म्हणजे तार तुमच्या संमतीवाचून टाकली. एवढंच सही करून न्यायाधीशाला लिहून द्यायचं. तार काढायचा हुकूम निघेल. शेत पूर्ववत करून देतील, नुकसानही भरून देतील."

"आणि तुम्हाला काय मिळेल?"

तो ओशाळं हसला. "लपवत नाही. तार गेली की ती यंत्रं बंद. आणि तुमची परिषद स्वतःच्याच रिवाजाविरुद्ध परवाने देते, हे न्यायालयापुढे येईल. तुम्हालाही जुगार आवडत नाही असं ऐकलंय."

"आवडत नाहीच. पण नदीपलीकडे तुमच्याच सरकारचा कॅसिनो दिवसरात्र दिवे लावून बसलाय. लॉटरीची तिकिटं तुम्ही दुधाबरोबर विकता. तुम्हाला जुगाराचं वावडं नाही, साहेब, तो आम्ही केला त्याचं आहे. आणि जुगार आम्हाला नका शिकवू. हिवाळ्याच्या सणात आम्ही देवाच्या करमणुकीसाठी फळांच्या बिया वाडग्यात खुळखुळवून पैजा लावतो, तुमचे पणजोबा बोटीत बसले नव्हते तेव्हापासून."

"म्हणूनच म्हणतो, तुमच्या रिवाजाला आम्ही मान देतो—"

"थांबा. तुमचा न्यायाधीश म्हणाला की शेत वारिसोसचं, तर ते माझं होणार?"

"कायद्याने मान्य होईल."

"आणि तो म्हणेपर्यंत कोणाचं होतं?"

बोद्रीने मिशीवरून बोट फिरवलं. तेवढ्या वेळात वारिसोसला सगळा डाव स्वच्छ दिसला. एकदा ह्यांच्या न्यायाधीशाने हिचा रिवाज खरा मानला की रिवाज कधी खरा आणि कधी खोटा हे ठरवायची चावी त्याच्याच खिशात जाणार. आज शेत देईल. उद्या दुसऱ्या बाईला सांगेल, हा तुमचा रिवाज नाही.

तरी मोह झाला नाही असं नाही. खिडकीतून चर दिसत होता. एका सहीने तो बुजला असता, आणि त्या गुर्मीखोर मुख्याचं नाक कापलं गेलं असतं. तिला ते नाक कापलेलं बघायची मनापासून इच्छा होती.

"माझ्या पोराने माझ्या शेतावर परस्पर सही केली," ती उठत म्हणाली, "त्याच्या कानाखाली काढायची की नाही ते मी बघेन. त्यासाठी मला वकील लागत नाही. जा तुम्ही."

"मादाम, तुमचं नुकसान—"

"माझ्या आईने तुमच्यासारख्याला भाकरी वाढली होती. मी चहासुद्धा दिलेला नाही. यावरून समजा."

बोद्री गेला. पण तोवर त्याची गाडी तासभर दारात उभी राहिली होती, आणि गावात दारात उभी असलेली गाडी म्हणजे छापून आलेली बातमी. शनिवारपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की वारिसोसने सही केली, इमारत बंद पडणार, शंभर घरांचा पगार जाणार. कोणी तिला विचारलं नाही. एवढं तोंड असलेल्या बाईला विचारायचं काय, ती बोलली नाही म्हणजे खरंच असणार.

रविवारी तिने नेहमीसारख्या भाकऱ्या शिजवल्या. दिवस उजाडला. दारात एकही गाडी आली नाही. समोरच्या रस्त्याने माणसं जात होती, मान न वळवता. फक्त शेजारची ओन्वारी, पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण, कुंपणापाशी येऊन उभी राहिली, आत आली नाही.

"खरं आहे का ग?"

"तू मला पहिल्यांदाच बघतेयस का?" वारिसोस म्हणाली. "पन्नास वर्षं माझी भाकरी खाल्लीस आणि हे विचारतेस?"

ओन्वारीने मान खाली घातली. वारिसोसला रडू आलं, आणि रडू आलं याचा तिला भयंकर राग आला. फौजेसमोर ती रडली नव्हती. तिने सगळ्या भाकऱ्या दोन पाट्यांत भरल्या, गाडीत टाकल्या आणि लाँगहाऊसला गेली. त्या लांबट लाकडी सभाघरात त्या दिवशी सगळी कुळं याच विषयावर बसली होती. तिला निरोप नव्हता.

ती आत गेली तशी कुजबुज थांबली. तिने पाट्या मधोमध ठेवल्या आणि आपल्या कासव कुळाच्या बाकावर जाऊन बसली. तिथे आधी बोलायचं ते कुळाच्या आईने, म्हणजे कुळातल्या वडीलधाऱ्या बाईने, म्हाताऱ्या कासेनेन्हावीने. म्हातारी म्हणाली, "आमच्या बाकावरच्या एका बाईला काही सांगायचं असावं. तिला काही सांगायचं नाही असं आजवर झालेलं नाही."

कोणीतरी हसलं. वारिसोस उभी राहिली.

"सही केलेली नाही," ती म्हणाली. "करणारही नाही. ती यंत्रं मला आवडत नाहीत, ती बंद पडली तर मी नाचेन. पण ती बंद करायची तर आपण करू, इथे बसून. नदीपलीकडून कोणी हुकूम आणून नाही. कॅसिनोला आपण नाही म्हटलं, तेव्हा कोणाच्या परवानगीने म्हटलं? हो म्हणायचा आणि नाही म्हणायचा हक्क एकच असतो, आणि तो आपला आहे. हे झालं त्या वकिलाचं."

मग ती इमारतीच्या मुख्याकडे वळली. "आता तुमचं. तुम्ही जगाला ओरडून सांगता की आमच्या जमिनीवर आमचा कायदा. छान. मग त्या कायद्यात शेत कोणाचं? परवाना काढताना तुम्हाला लाँगहाऊस आठवतं आणि तार टाकताना सरकारी कागद. माझ्या पोराला विचारलंत, कारण तुम्ही त्यांच्या पुस्तकात पाहिलंत. त्या वकिलाने निदान माझे रिवाज वाचले होते. तुम्ही इथे जन्मलात आणि वाचले नाहीत."

मुख्य लाल झाला, पण उठला नाही. सावातीस दाराजवळ उभा होता.

प्रश्न एका कुळाकडून दुसऱ्याकडे गेला, परत आला. लांडगा कुळाला घाई होती, अस्वलं नेहमीप्रमाणे ताणत बसली. शेवटी जे ठरलं ते वारिसोसच्या बाकावरून निघालं: चर बुजवायचा. तार राहील, पण एका हंगामापुरती. दर पेरणीआधी इमारतीच्या माणसांनी शेतवालीच्या दारी यायचं, तोंडाने विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर तार काढून न्यायची. लिहायचं काही नाही. मुख्य म्हणाला, एवढा मोठा धंदा एका बाईच्या लहरीवर कसा चालवायचा?

"तुम्ही याल की नाही या तुमच्या लहरीवर आम्ही भाकरी करतोच ना?" कासेनेन्हावी म्हणाली आणि पाटीतली एक उचलून तिने मुख्याच्या हातात ठेवली. मग बाकीच्यांनी उचलल्या. ओन्वारीने दोन घेतल्या आणि वारिसोसकडे न बघता तिच्या शेजारी येऊन बसली.

सावातीसशी मात्र ती हिवाळाभर जेमतेम बोलली. त्याने चर स्वतः फावड्याने बुजवला, यंत्र लावू दिलं नाही. तिने ते खिडकीतून पाहिलं, हाक मारून कॉफी दिली नाही, आणि संध्याकाळी त्याच्या पाठीला लावायला तेल मात्र टेबलावर ठेवलं. वसंतात मुख्य स्वतः दारी येऊन उभा राहिला आणि खाली बघत त्याने विचारलं. तिने त्याला चांगलं ताटकळवलं. मग हो म्हणाली, या वर्षापुरतं.

मेच्या अखेरीस ती पेरणी करत होती. उरलेल्या एका वेणीचे दाणे, बरोबर तारेच्या वरच्या मातीत, कारण तिथली माती आता सर्वांत भुसभुशीत होती. सावातीस बियाण्याची पिशवी घेऊन मागे मागे. रस्त्यावर ती निळी गाडी थांबली. बोद्रीबरोबर या वेळी एक मोजणीवाला होता, तीन पायांचं तिकाटणं घेतलेला. बोद्रीने बांधाच्या अलीकडेच टोपी काढली.

"तार कुठून जाते तेवढं मोजायचंय," तो म्हणाला. "न्यायालयासाठी. खणणार नाही. शेतमालकाची परवानगी लागेल."

वारिसोस काही बोलण्याआधीच तो सावातीसकडे वळला, हातातल्या सरकारी कागदाच्या नकलेवर नजर टाकत. "तुमच्या नावावर आहे ना हे? मस्यू सावातीस?"

सावातीसने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. आईकडे त्याने पाहिलंच नाही.

"मी नुसता बियाणं उचलायला आलोय," तो म्हणाला. "शेत तिचं आहे. तिला विचारा."

वारिसोस कमरेवर हात ठेवून सरळ झाली. पोराच्या तोंडचं वाक्य तिने पुरतं कानात मुरू दिलं. बोद्रीने निमूट तिच्याकडे तोंड वळवलं आणि विचारलं, जसं विचारायला हवं तसं, नाव घेऊन, टोपी हातात धरून.

मोहॉकमध्ये नाही म्हणायला एकच छोटा शब्द आहे, आणि तोही उघड्या तोंडानेच म्हणावा लागतो.

"याह," ती म्हणाली आणि पुढचा खड्डा काढायला वाकली.